गळ्यातली सवत

माझ्या माहेरी, कृष्णाकाठी, बाईच्या मनात नवऱ्याविषयी किडा आला तर ती तोंडावर बोलायची. वडील एकदा जत्रेतल्या तमाशाला बसले ते उजाडल्यावर घरी आले. आईनं भाकरी थापता थापता, मान वर न करता विचारलं, "आलासा? तिथं जेवान न्हवतं व्हय?" वडील हसले. आई हसली नाही. पुढं एक-दोन दिवस आमच्या घरात भांडी जरा जोरात वाजत राहिली आणि मग ते मिटलं. मला वाटायचं, जगात सगळीकडं हे असंच असतं. पोटात आलं की ओठावर येतं आणि ओठावर आलं की जातं.

वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते. शाळा तिथंच सुटली. अक्षर मात्र राहिलं, म्हणून आज हे लिहिते आहे. आईच्या पदरात आम्ही चार तोंडं. माझा मामा निजामाच्या मुलखात रेल्वेच्या लायनीवर गँगमन होता, हिंगोलीच्या बाजूला. मी न्हातीधुती झाल्यावर तो मला घेऊन आला, एक तोंड कमी करायला. पोरगी म्हणून त्यानं मला वाईट वागवलं नाही, पण त्याच्याही घरात जागा नव्हती. वर्षाच्या आत त्यानं साखऱ्याचं एक स्थळ पाहिलं. बिजवर होता, पहिली बायको वारलेली. कोरडवाहू जमीन, थोरला भाऊ, भावजय, सासू-सासरे नाहीत. हुंडा मागितला नाही, उलट लुगडं त्यांनीच आणलं आणि जेवणही त्यांनीच घातलं. निघताना मामानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पोरी, ह्या माणसाचं उपकार इसरू नगंस."

मी विसरले नाही. तेच पुढं माझ्या जिभेवर बसलं. ज्यानं आपल्याला फुकटात उचलून घरात घेतलं, रोज पोटभर भाकरी दिली, त्याच्यावर रुसायचं कोणत्या तोंडानं?

लग्नाच्या सकाळी माझ्या थोरल्या जाऊबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. त्यांच्या तळहातावर अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा होता. त्यावर एक बाई उठवलेली. दोन्ही हात अंगाला चिकटलेले, तोंडाच्या जागी नुसते दोन ठिपके.

"हा टाक गळ्यात घाल," त्या म्हणाल्या. "तुज्या आधीची हाय ही. नवं लुगडं आलं तं आधी हिले लाव. गोडधोड केलं तं आधी हिले ठेव. तिचं मन भरलं तं तुजं घर भरन."

"आन न्हाईच भरलं तर?"

"असं इचारू न्हाई, माय."

असा टाक आमच्याकडंही घालत म्हणा, पण मी तो फक्त दुसऱ्यांच्या गळ्यात लांबून पाहिला होता. माझ्या लग्नाचं हिरवं लुगडं आधी त्या ठिपक्यांपुढं ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं आणि मग ते मला नेसायला दिलं. उष्टं नाही म्हणत त्याला. पण मला तसंच वाटलं. नंतर मांडवात नवऱ्यानं डोरलं बांधलं, ते त्या टाकाच्या शेजारीच. जात्यावर बसले, विहिरीवर वाकले की दोन्ही एकमेकांवर आपटायची आणि बारीक किणकिण व्हायची. गावातल्या बायका तिला पहिली म्हणत आणि मला दुसरी. तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हे, म्हणजे माझे मालक, तिच्याविषयी कधी बोलत नसत. एक अक्षरही नाही. बोलले असते, तिची भाजी बरी व्हायची, तिचा हात हलका होता असं काही म्हणाले असते, तर मी तेवढ्यावर तरी भांडले असते. पण तिच्या टाकाला मात्र ते फार जपून हात लावायचे. जवळ आले आणि टाक मध्ये आला की एका बोटानं तो बाजूला सरकवायचे, झोपलेल्या लेकराचा हात सरकवावा तसा. दर वर्षी मार्गशीर्षात एक दिवस ते जेवायचे नाहीत. तो तिचा दिवस. जाऊबाईंनी सांगितलं, "ते कापूस घेऊन वसमतले गेल्ते, अन हिकडं ही तापानं गेली." एवढंच मला माहीत होतं. एवढ्यावर मी माझ्या मनात एक अख्खी बाई उभी केली. गोरी, हसरी, माझ्यापेक्षा उंच. ती गेल्यावर ह्या माणसाचं जे गेलं ते परत आलं नाही, आणि मी आले ती चूल पेटती राहावी म्हणून.

माझ्या पोटात जे व्हायचं त्याला मला शब्द सापडेना. मत्सर हा शब्द तिसरीच्या पुस्तकात होता, पण तो कुठल्याशा राणीला होता. माझ्यासारखीला तो लुगड्यावर शेला घेतल्यासारखा दिसला असता. जळते म्हणावं, तर कुणावर? ती तर कधीच जळून गेली होती.

शेजारच्या घरात एका नवऱ्याच्या दोघीजणी होत्या. त्यांतल्या मोठीनं माझं तोंड पाहून काय ते ओळखलं असावं. एकदा शेणी थापताना म्हणाली, "तुही सवत तं बरी हाय माय. मेली. माही तं रोज चुलीपाशी बसून राहते."

"तुमच्या सवतीसंगं भांडता तर येतंय," मी म्हणाले.

"व्हय, हे तं हाय. भांडली का मंग जेवन गोड लागते." ती मोठ्यानं हसली. "पन जळू नको, पोरी. जळून राख व्हशीन, अन राख भांडे घासाच्याच कामाची."

ह्या भागात बाई नवऱ्याला तोंडावर बोलत नाही, हे मी तिच्याकडूनच शिकले. इथं बाई कोंबडीला बोलते. नवरा धाकटीच्या खोलीतून बाहेर आला की ही अंगणात दाणे टाकत म्हणायची, "व्हय वं कोंबडे, दाने हिकडं खाशीन अन अंडं तिकडं देशीन? कसं जमन बाई असं?" नवरा खाकरायचा, खांद्यावरचं उपरणं उगाच झटकायचा आणि बाहेरच्या बाहेर निघून जायचा. दिवसभर मग त्याचा आवाज मऊ असायचा. कधी बैल, कधी भिंत, कधी उतू गेलेलं दूध. जे समोर असेल त्याला सांगायचं, आणि ऐकायचं त्यानं.

मीही करून पाहिलं. मार्गशीर्षातलाच दिवस होता, ह्यांचा उपास. मी गोठ्यात गेले आणि हे वैरण टाकत असताना बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ह्याचं चित्त न्हाई बगा ह्या दावणीला. मागच्या दावणीची लई याद येतीया ह्याला."

हे थांबले. बैलाकडं नीट पाहिलं. त्याचा जबडा उघडून दात पाहिले, एकेक खूर उचलून पाहिला. संध्याकाळी गावातल्या जाणत्याला घेऊन आले आणि बैलाला हळद-मिठाचा गोळा चारला. दुसऱ्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "बरं केलं सांगितलं. जनावर बोलत न्हाई, आपल्यालेच पाहा लागते."

शेजारणीला सांगितलं तर ती शेणाचे हात तसेच तोंडाशी नेऊन हसली. "अवं येडे! बैलाले सांगाचं तं बैलाकडं पाहू न्हाई. दादल्याकडं पाहा लागते!"

मला ते कधी जमलं नाही. माझी बोली वेगळी, हेल वेगळा, आणि मनात सारखी भीती की आपण बोललो, आणि ह्यांनी मामाकडं परत धाडलं तर? मामाची बदली झाली होती. तो आता कुठं असेल हेही मला माहीत नव्हतं.

माझं पहिलं मूल पोटातच गेलं. बायका कुजबुजल्या, "पहिली पचू देईना हिले." त्या आठवड्यात ह्यांनी स्वतः टाक चिंचेनं घासून लख्ख केला, पुढं गूळ-खोबरं ठेवलं आणि कपाळ जमिनीला लावलं. मी बाजेवर पडून पाहत होते. माझ्याकडं त्यांनी त्या दिवशी पाहिल्याचं मला आठवत नाही. माझं लेकरू गेलं होतं, आणि हे तिच्या पाया पडत होते.

पुढं मुलगी झाली, जगली. माझं बस्तान बसलं असं जाऊबाई म्हणायच्या. कापसाचे दिवस येत, गाडी भरली जाई, हे वसमतला जात, आठवड्यानं परत येत आणि आल्यावर बरेच दिवस गप्प राहत. ती तशीच गेली होती ना, ते वसमतला असताना, म्हणून गप्प राहतात असं मी धरून चालले.

मग ते वाईट वर्ष आलं. निजामाचं राज्य जायला आलं होतं आणि जाता जाता गावागावांत धास्ती पसरली होती. आज ह्या गावात लूट झाली, उद्या त्या. पावसाळा चालू होता, पेरण्या झाल्या होत्या, तरी लोक गाड्या जुंपून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात निघाले. तिकडं इंग्रज गेल्यावर आपलं राज्य आलेलं. जाऊबाईंचं माहेर नदीपल्याडच होतं. पाण्याचा जोर कमी झालेला पाहून आम्हीही निघायचं ठरवलं.

दुपार होती. जाऊबाई मुलीला घेऊन गाडीत बसल्या होत्या, थोरले दीर बैल जुंपत होते. हे गोठ्यात गव्हाणीखाली पहारीनं खड्डा खणत होते. मला हाक मारली.

"काढ. समदं काढ. वाटंनं कोन भेटन सांगता येत न्हाई."

मी कानातली फुलं काढली, पाटल्या काढल्या, जोडवी काढली. मी डोरल्याची पोत सोडायला लागले, तेव्हा म्हणाले, "काळी पोत राहू दे, डोरलंच काढ." सगळं फडक्यात बांधलं. मग मी टाकाला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ते नको. ते राहू दे."

"चांदीच हाय की ही बी."

"राहू दे म्हनलं ना."

मी मनगट सोडवून घेतलं नाही. कसं कोण जाणे, एवढ्या वर्षांचं ते तिथंच वर आलं, बैलाकडं न पाहता, भिंतीकडं न पाहता. "म्हंजे माजं लगीन गव्हाणीखाली, आन तिचं माज्या गळ्यात."

"काय बोलून राहिली तू?"

"मी मेले तं माजा टाक करताल का? कुनाच्या गळ्यात घालताल?"

"असं अभद्र बोलू न्हाई."

"बोलू द्या. इतकी वर्सं गप ऱ्हायले. मलाबी एकदा मेल्यावानी जपा की."

त्यांनी पहार खाली ठेवली आणि उकिडवे बसले. बाहेरून दीर ओरडले, "झालं का रे?" हे पहारीची माती खरवडत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुले काय वाटते, मी तिले जपून राहिलो?"

"मंग काय करता?"

"भेऊन राहिलो. तिले भेऊन राहिलो मी."

मला कळेना. ते खड्ड्याकडं पाहत सांगत होते. "त्या वर्षी गाडी भरली. तिनं बैलाची येसन धरली. म्हने, हिंगोलीची पेठ जवळ असून वसमतले काहून जाता? कोन हाय तिथं? मले सांगा, मंगच जावा. तिच्या अंगात ताप होता. मी येसन सोडवली अन गेलो. माघारी आलो तं राख भी गोळा झाल्ती. दादा म्हने, पानी न्हाई घेतलं तिनं तोंडात. तोच सवाल करत गेली." त्यांनी टाकाकडं बोट केलं, पण लावलं नाही. "रागावून गेलेली बाई हाय ही. तुहं लेकरू गेलं, तवा मले वाटलं, हिनंच नेलं. आता लेक हाय, तू हायस. वाट अशी. म्हून म्हनतो, राहू दे. तुह्याच जिवासाठी."

सगळं जगणं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला कलंडावं तसं झालं. ज्याला मी माया समजत होते ते भय होतं. आणि ते भय माझ्यासाठी होतं. म्हणजे मला हवं होतं ते काहीतरी त्यात होतंच, पण मला हवं तसं नव्हतं.

मी विचारलं, "तिचा राग खरा व्हता का खोटा?"

ह्यांनी फडकं खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, पायानं दाबली, वर शेण सारवलं. हात पुसले.

"चल," म्हणाले. "गाडी थांबली हाय."

वऱ्हाडात आम्ही जाऊबाईंच्या माहेरी, एका पडवीत राहिलो. त्या लोकांनी आम्हाला भाकरी दिली, हे मी जन्मभर मानते. पण बायकांची तोंडं कोण धरणार? माझ्या गळ्यात काळी पोत आणि टाक, बस. विहिरीवर एक म्हणाली, "हिच्या गळ्यात दादल्याचं काही न्हाई, सवतीचंच हाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. आधीसारखं लागलं नाही ते. त्या पडवीत मी रोज पहिला घास टाकापुढं ठेवायची तेव्हा मला ती गोरी, उंच बाई दिसेनाशी झाली. दिसायची ती येसन धरून उभी असलेली, तापलेली, केस विस्कटलेली बाई, माझ्याएवढीच असेल. तिला जे विचारायचं होतं तेच मीही विचारलं होतं आणि दोघींनाही सांगितलं कुणी नाही. आता मला तिचा हेवा वाटेना. पण पोटातलं ते गेलं नव्हतं. त्यानं फक्त घर बदललं होतं. आता ते वसमतला जाऊन बसलं होतं, मी कधी न पाहिलेल्या गावात, कुठल्या तरी दारात.

पाऊस सरता सरता राज्य बदलल्याची बातमी आली आणि आम्ही परतलो. घराची कवाडं मोडली होती, धान्य गेलं होतं, गोठा तसाच होता. ह्यांनी गव्हाणीखाली उकरलं. फडकं कुजलं होतं, आत सगळं जिथल्या तिथं. डोरलं त्यांनी पाण्यानं धुऊन माझ्या हातात दिलं. "बराबर हाय का पाहा." बराबर होतं. मी ते पुन्हा टाकाच्या शेजारी ओवलं.

तणात का होईना, कापूस आला होता. मार्गशीर्षात वेचणी संपली, गाडी भरायला लागली. आदल्या दिवसापासून मी मनात जुळवाजुळव करत होते. काय बोलावं, कसं बोलावं. माझ्या जागी शेजारीण असती तर कोंबडीला बोलली असती. माझ्या आईनं भाकरीवरून मान उचलली नसती. मला त्यातलं काहीच येत नव्हतं. हे दोर आवळत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, त्यांच्या पुढ्यात उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडं पाहून म्हणाले, "हिंगोली जवळ हाय."

एवढंच. येसनही धरली नाही.

ते माझ्याकडं पाहत राहिले. मग माझ्या गळ्याकडं. तांब्या घेतला, पाणी प्यायले, उरलेलं जमिनीवर ओतलं. थोरल्या दिरांना हाक मारली. "दादा, औंदा तू जाय. हिंगोलीलेच घाल कापूस."

"काहून रे? वसमतले भाव चांगला भेटते म्हनून सांगत होतास ना दरसाली?"

"कमर धरली माही."

कंबर कसली धरली होती! सकाळीच त्यांना मणाचं गाठोडं उचलताना मी पाहिलं होतं. दिरांनी खांदे उडवले आणि गाडी हाकली. त्यानंतर हे कधी वसमतला गेले नाहीत, ना त्या वर्षी, ना पुढं. मी विचारलं त्याचं उत्तर त्यांनी मला असं दिलं. तिथं कुणी नसतं, तर ते गेले असते.

जाऊबाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "नशीब काढलं माय, दादला घरी बसला. आमचे जाऊन राहिले थंडीत." मी व्हय म्हणाले. खोटं नाही म्हणाले. दुसरा एखादा येसन सोडवून गेला असता, ते राहिले, आणि मी त्यांची ऋणी आहे. आजही आहे.

मी ताट वाढलं. टाकापुढं घास ठेवला, तिला मनातल्या मनात सांगितलं की वसमतला होती गं कुणी, तू खोटी नव्हतीस, आणि ह्यांच्यापुढं जाऊन बसले. रस्त्यावरून गावच्या आणखी काही गाड्या चालल्या होत्या, कुणी हिंगोलीच्या, कुणी पुढच्या. घुंगरांचा आवाज लांब जाईस्तोवर ह्यांचा घास हातातच राहिला होता.

"मीठ कमी झालं का?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "बराबर हाय." आणि जेवू लागले.